शेवट : प ते ज्ञ

वाचनकट्ट्याला येणाऱ्याने पुस्तक वाचलंच पाहिजे, अशी अट आमच्या मराठी मंडळाच्या घटनेत कुठेही नाही. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. कारण सप्टेंबरच्या कार्यक्रमापासून व्हॉट्सअ‍ॅपवर 'मंडळाने पुस्तक न वाचताच लेखिकेचा सत्कार केला' असा एक मेसेज फिरतो आहे. मी मंडळाचा सहसचिव. आरोप धादांत खोटा आहे. पुस्तक आम्ही वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची रीतसर व्यवस्था केली. फक्त ते एकाच माणसाने वाचलं नाही, एवढंच.

कट्टा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लायब्ररीच्या मोठ्या खोलीत भरतो. अ‍ॅशबर्नमध्ये खोली मिळणं सोपं नाही. अमेरिकेतल्या या गावात जिकडे बघावं तिकडे बिनखिडक्यांची डेटा सेंटरं. साऱ्या जगाचे फोटो आणि ईमेल ठेवायला इथे जागा आहे, पण पन्नास मराठी माणसांना बसून बटाटेवडे खायला नाही. लायब्ररी खोली देते, पण वाचणाऱ्या गटालाच देते. म्हणून आम्ही वाचू लागलो. म्हणजे आत लेझीमची प्रॅक्टिस चालते, ग्रीन कार्डच्या तारखांवर चर्चा झडते, उखाणे होतात, आणि टेबलावर एक पुस्तक ठेवलेलं असतं. गेली काही वर्षं ते एकच पुस्तक होतं आणि त्याच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता.

या वर्षी लायब्ररीच्या मिस व्हिटेकर दारातून डोकावल्या आणि हसून म्हणाल्या, "अजून तेच पुस्तक?" मग त्यांनी गोड आवाजात सांगितलं, की या वर्षीपासून प्रत्येक गटाने आपल्या समाजाबाहेरच्या लेखकांचं एक तरी पुस्तक वाचावं, त्यावर सर्वांसाठी खुला कार्यक्रम करावा, आणि पुढच्या वर्षीच्या खोल्या ते बघूनच दिल्या जातील. त्या गेल्यावर बराच वेळ कुणी वड्याला हात लावला नाही.

तातडीची बैठक अध्यक्ष पुरुषोत्तमकाका आगाशे यांच्या बेसमेंटमध्ये झाली. तिथे लतिका दातारने ते पुस्तक सुचवलं: आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर जाऊन राहिलेल्या लेखकांच्या विज्ञानकथांचा आणि अद्भुत कथांचा संग्रह. तिच्याच ऑफिसातली झांबियाची मुतिंता हामूंगा, तिची एक गोष्ट त्यात होती.

"आफ्रिका?" काका म्हणाले. "म्हणजे जंगल वगैरे का?"

"काका, डेटा सेंटर आहे त्या गोष्टीत."

"डेटा सेंटर? आफ्रिकेत?"

"तुम्ही साताऱ्याहून इथे आलात तेव्हा ऑफिसात तुम्हाला विचारलं होतं ना, घरी हत्ती आहे का म्हणून? तुम्हीच सांगता की नेहमी."

"ते वेगळं. ते त्या लोकांचं अज्ञान होतं."

कव्हरवरचा 'डायस्पोरा', म्हणजे मायदेश सोडून बाहेर राहिलेली माणसं, हा शब्द वाचून समितीतली यामिनी म्हणाली, "पण मग हे आपलंच झालं की, काका. आपण पण डायस्पोराच ना?"

"आपण डायस्पोरा नाही," काका शांतपणे म्हणाले. अमेरिकेत त्यांना तीस वर्षं झाली आहेत. "आपण ऑनसाइट आहोत. कंपनीच्या कामापुरते आलोय."

पुस्तक मंजूर झालं. मात्र ते जाड होतं, आणि ते वाचणार कोण, हा प्रश्न उरला. तो परीक्षित टिपणीसने सोडवला. परीक्षित कंपनीत मोठ्या कामाचे तुकडे पाडून ते लोकांना वाटायचं काम करतो आणि त्यात त्याला बक्षिसं मिळालेली आहेत. तो म्हणाला, "सिंपल आहे, यार. पॉटलक करू."

इथे आमच्या पॉटलकची पद्धत सांगितली पाहिजे. सणावाराला कुणी काय करून आणायचं, हे आमच्याकडे आडनावावरून ठरतं. अ ते झ आडनावांनी तोंडी लावायचं आणायचं, ट ते न यांनी भाजी-पोळी आणि भात, आणि प ते ज्ञ यांनी गोड. ही पद्धत इतकी निर्दोष आहे, की तिच्यामुळे मंडळात एकदाही भांडण झालेलं नाही. परीक्षितने तीच गोष्टींना लावली. प्रत्येक गोष्टीची सुरुवात अ ते झ मंडळींनी वाचायची, मधला भाग ट ते न यांनी, आणि शेवट प ते ज्ञ यांनी.

"पण मग आख्खी गोष्ट कुणालाच कळणार नाही," लतिका म्हणाली.

"पॉटलकला आख्खं जेवण एक माणूस आणतो का?" पुरुषोत्तमकाकांनी विचारलं.

माझं आडनाव केळकर. मी सुरुवाती वाचल्या आणि मला त्या फार आवडल्या. मुतिंताच्या गोष्टीची सुरुवात तर मला तोंडपाठ आहे. एका मोठ्या नदीवर धरण बांधलं जातं आणि तिच्या काठची गावं पाण्याखाली जातात. पुढे कितीतरी वर्षांनी त्या जलाशयाच्या काठावर एक डेटा सेंटर उभं राहतं आणि मशिन थंड ठेवायला त्याच जलाशयाचं पाणी ओढू लागतं. चोल्वे नावाच्या मुलीला तिथे नोकरी लागते. पहिल्या दिवशी ती पाइपाला कान लावते आणि तिला आत कुणीतरी बोलल्याचा भास होतो. इथे माझी हद्द संपली आणि मी प्रामाणिकपणे पुस्तक मिटलं.

पुढचं मला परीक्षितकडून कळलं. पाणी आत शिरल्यापासून मशिन माणसांची नावं पुकारू लागतात, बुडालेल्या घरांतल्या माणसांची. एक नाव पुकारलं की थांबतात. शाळेत मास्तर हजेरी घेताना थांबतात तसं. साहेब चोल्वेला सांगतात, बटण दाबून हे सगळं पुसून टाक. परीक्षितला गोष्ट पटली नाही. "कूलिंगला डायरेक्ट तलावाचं पाणी? क्लोज्ड लूप करून तेच पाणी आत का नाही फिरवलं? आणि बटण एकच? बॅकअप कुठेय?" त्याने या उणिवांची सविस्तर नोंद करून मुतिंताला ईमेलही केला. पुढच्या गोष्टीत सुधारणा करायला सोपं जावं म्हणून.

राहिला शेवट. प ते ज्ञ मंडळींबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण गोड आणायची पाळी असली की घरी खीर करतो म्हणणारी ही माणसं ऐनवेळी दुकानातला केक उचलून आणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. या वेळीही कुणाच्या मुलाचं सॉकर निघालं, कुणाचं ऑफिसातलं सॉफ्टवेअर रिलीज निघालं. शेवटी आश्लेषा वर्तकने फोनमधल्या एआयला सगळ्या गोष्टींचे शेवट विचारले आणि ग्रुपवर टाकले. प्रत्येक गोष्टीपुढे एकच वाक्य होतं: 'कथा आशेच्या सुरावर संपते.' सगळ्यांनी पसंतीचे अंगठे टाकले.

लतिकाने मात्र पॉटलकची शिस्त मोडली. तिने पुस्तक एकटीने आख्खं वाचलं आणि मुतिंताच्या गोष्टीचं मराठी भाषांतरही करून टाकलं. नाव दिलं 'पाण्याची हजेरी'. रोज लंचला दोघी बसायच्या. मुतिंताने एकेका नावाचा उच्चार तिच्याकडून घोटून घेतला, त्यात मुतिंताच्या खऱ्या आजीचंही नाव होतं, आणि लतिकाने तिला वचन दिलं, की सप्टेंबरमध्ये तू तुझी गोष्ट माझ्या भाषेत, माझ्या माणसांसमोर ऐकशील. हे तिने बैठकीत सांगितलं आणि त्याचं कारणही सांगितलं. तिच्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. आई अजून कराडला बसून कधी कधी आळीतली घरं ओळीने मोजते, म्हणाली. कुंभाराचं, मग शिंद्यांचं, मग वळणावरचं मारुतीचं देऊळ, मग आमचं.

समितीला हे सगळं भावलं. म्हणून समितीने भाषांतर तपासायला घेतलं.

पहिली हरकत सांस्कृतिक प्रमुख शोभनाकाकू खांबेटे यांची. "तारीख पितृपक्षात येतेय गं. मेलेल्या माणसांची नावं नकोत."

"काकू, पितृपक्षात आपण तेच तर करतो. मेलेल्यांची नावं घेतो."

"ती गुरुजी घेतात. माइकवर नाही घेत."

तेव्हा मशिनांनी नावं न पुकारता नुसता आवाज करावा, असं ठरलं. दुसरी हरकत उल्हासरावांची. ते घरं विकून देतात आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे प्रायोजक असतात. "माझा बॅनर मागे लागणार आणि पुढे गाव बुडणार? क्लायंट काय म्हणतील? बुडू दे, पण जरा कमी बुडू दे." गाव मग 'थोडंसं ओलं' झालं. तिसरी हरकत सर्वांचीच होती. निम्म्या सभासदांचा एच-वन व्हिसा डेटा सेंटरांच्या जिवावर आहे, तिथे डेटा सेंटरला वाईट कसं दाखवायचं? बऱ्याच चर्चेनंतर डेटा सेंटरच्या जागी फ्रीज आला. समितीने एकमताने मंजूर केलेल्या मसुद्यात थोड्याशा ओल्या गावातल्या एका घरात एक फ्रीज आवाज करत होता आणि चोल्वे त्याचं बटण दाबावं की नाही, या विचारात होती.

"बाकी एका शब्दाला हात लावलेला नाही," पुरुषोत्तमकाका लतिकाला म्हणाले.

"काका, मी आहे तसंच वाचणार. नाहीतर वाचणार नाही." तिने कागद उचलले. "मी तिला प्रॉमिस केलंय. ती तिच्या आजीचं नाव ऐकायला येणार आहे, तुमचा फ्रीज बघायला नाही."

आम्ही काही हुकूमशहा नाही. मूळ मसुदा वाचायची परवानगी देण्यात आली आणि कार्यक्रमपत्रिकेत 'अभिवाचन' असं छापण्यात आलं. त्यापुढे बारीक अक्षरात 'वेळ उरल्यास' एवढंच काय ते होतं.

कार्यक्रमाला खोली खच्चून भरली. मिस व्हिटेकरही मागे येऊन बसल्या. मुतिंता निळ्या-पिवळ्या नक्षीच्या ड्रेसमध्ये आली होती आणि पहिल्या रांगेत लतिकाशेजारी बसून सारखी हसत होती. दीपप्रज्वलन बॅटरीच्या समईने झालं, कारण लायब्ररीत ज्योत चालत नाही. काकांनी समईच्या बुडाशी असलेलं बटण दाबलं आणि टाळ्या झाल्या. मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक. पाहुणीचा परिचय परीक्षित करून देणार होता, म्हणून आधी परीक्षितचा परिचय शोभनाकाकूंनी करून दिला, आणि 'काकूंना कोण ओळखत नाही' असं म्हणत त्याआधी अध्यक्षांनी काकूंची ओळख करून दिली. परीक्षितने मुतिंताचं लिंक्डइन वाचून दाखवलं. डेटाबेसचा तिचा अनुभव ऐकून सभागृह भारावलं. ती लिहिते, हा मुद्दा त्यात नव्हता, त्यामुळे तो आला नाही.

उल्हासरावांनी प्रायोजकाचे चार शब्द सांगितले. "आजच्या कथेतून एकच घ्या. घर घेताना एरिया बघून घ्या." त्यानंतर आन्या, अनया आणि अनीश या मुलांनी 'आफ्रिकेला मानवंदना' म्हणून नृत्य सादर केलं. शोभनाकाकूंना मुलांना चित्त्याच्या ठिपक्यांचे कपडे घालायचे होते, पण असं केल्यास मी पार्किंगमध्ये आडवी पडेन, असं लतिकाने कळवल्यामुळे मुलांनी कोळीनृत्य केलं. कोळीनृत्यात पाणी असतं, हे काकांनी निवेदनात लक्षात आणून दिलं.

मग सत्कार. आमच्याकडे सत्कार झाल्याशिवाय पाहुण्याला बोलू देत नाहीत. शाल पांघरली, श्रीफळ हातात दिलं. मुतिंताने नारळ हलवून पाहिला आणि लतिकाला हळूच विचारलं, "हा आत्ताच फोडायचा असतो का?" लतिका त्या दिवसात तेवढी एकदाच खळखळून हसली.

मुतिंताला बोलायला दोन मिनिटं होती. ती इंग्रजीत बोलली, आणि मला ते अजून आठवतं. "ही गोष्ट लिहिल्यापासून मी एका प्रश्नाचं उत्तर शोधतेय," ती म्हणाली. "ज्यांनी ती वाचलीय अशा माणसांनी भरलेली खोली मला पहिल्यांदाच मिळतेय. म्हणून विचारते. चोल्वेने शेवटी जे केलं, ते तुम्ही केलं असतं का?"

व्हिसाचे नवे नियम आले त्या दिवशी झाले होते तसे सगळ्यांचे चेहरे झाले. अ ते झ नी मान खाली घातली. ट ते न नी मागे पाहिलं. सवयीने शेवटच्या रांगेत बसलेल्या प ते ज्ञ मंडळींवर सगळ्या खोलीची नजर खिळली, आणि मांडीवर केकचा खोका घेतलेली आश्लेषा वर्तक नाइलाजाने उभी राहिली.

"मॅम," ती म्हणाली, "इट एंड्स ऑन अ नोट ऑफ होप."

मुतिंता तिच्याकडे बघत राहिली. "डज इट?"

"व्हेरी मच," पुरुषोत्तमकाका म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मिस व्हिटेकर तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

वेळ उरला नव्हता, तरी लतिका उठून माइकपाशी गेलीच. तिने वाचायला सुरुवात केली आणि मी कबूल केलं पाहिजे, मराठीत ती गोष्ट आपल्याच भागातली वाटत होती. सुरुवात मला माहीत होती. मधला भाग मी पहिल्यांदाच नीट ऐकला. मशिन नावं पुकारतात. कुणी ओ देत नाही. चोल्वेचं बोट बटणावर आहे, साहेब घड्याळ बघताहेत, आणि तेवढ्यात मशिन जे पुढचं नाव घेतं, ते तिच्या आजीचं असतं. लतिकाने ते नाव घेतलं तशी पहिल्या रांगेत मुतिंताने दोन्ही हात तोंडावर धरले. मशिन थांबलं. मीही पुढे सरकून बसलो.

त्याच वेळी दिव्यांची दोनदा उघडझाप झाली. खोली रिकामी करायची वेळ झाली होती.

"लतिका," काका व्यासपीठावरून कुजबुजले, पण माइक चालू होता. "आभार राहिलेत."

"काका, एकच पान आहे."

"अगं वाच ना, कोण नको म्हणतंय? नंतर वाच. आभार नाही झाले तर कार्यक्रम झाला असं म्हणताच येत नाही."

आभारप्रदर्शन सविस्तर झालं. माइकवाल्याचे, वडे तळणाऱ्यांचे, सतरंज्या घडी करणाऱ्यांचे, पार्किंगचे, पावसाने हजेरी न लावल्याबद्दल पावसाचे, आणि एक संपूर्ण कथा वाचून दाखवल्याबद्दल लतिकाचे. ग्रुप फोटोत ती नाही. कागद हातात घेऊन ती माइकपाशी उभी होती, आणि माइक तोवर गुंडाळून झाला होता.

मी उसळीचं पातेलं घेऊन गाडीकडे निघालो तेव्हा त्या दोघी मला पार्किंगमध्ये दिसल्या. मुतिंता शाल पांघरून, नारळ मांडीवर ठेवून लतिकाच्या गाडीत बसली होती. लतिका बाहेर उभी राहून, दारात वाकून तिला ते शेवटचं पान वाचून दाखवत होती. मुतिंताला मराठीचा एक शब्द येत नाही. पण नावं येत होती. प्रत्येक नावाला तिचे ओठ हलत होते. मला वाईट वाटलं का? वाटलं. जवळ जाऊन शेवट ऐकावा असंही वाटलं. पण हातातलं पातेलं जड होतं आणि माझ्या गाडीची डिकी उघडी राहिल्यामुळे बीप बीप करत होती. त्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

पुढचं थोडक्यात. लायब्ररीने आम्हाला 'आदर्श वाचनगट' म्हणून प्रशस्तिपत्र दिलं आणि खोली पुढच्या वर्षीही आमचीच आहे. ते पुस्तक आता टेबलावर असतं आणि परवा त्याच्यावर पहिला गोल डाग पडला. लतिकाने राजीनामा पाठवला. तो लांबलचक असल्यामुळे नेहमीच्या पद्धतीने वाटून दिला आहे. सुरुवात मी वाचली, फार चांगली लिहिली आहे. मधल्या भागात काही शब्द कठोर आहेत असं परीक्षित म्हणतो. शेवट प ते ज्ञ यांच्याकडे असल्याने निर्णय प्रलंबित आहे.

तेव्हा, व्हॉट्सअ‍ॅपवर हसणाऱ्यांनो, आणि हा खुलासा इथवर वाचत आलेल्या वाचका, जरा थांबा. तुम्ही पुरुषोत्तमकाकांना हसलात. फ्रीजला हसलात, आश्लेषाच्या केकला हसलात. त्या मुलीचं बोट मी तुमच्यादेखत बटणावर ठेवलं, तिच्या आजीचं नाव पुकारलं गेलं, मशिन थांबलं, आणि तेव्हापासून ते थांबलेलंच आहे. तुम्ही आभार ऐकलेत, फोटो पाहिलात, माझ्याबरोबर पार्किंगमध्येही आलात. लतिकाच्या हातातल्या त्या पानावर काय होतं, असं मला एकदा तरी विचारावंसं वाटलं का?

बिघडलं नाही. शेवट वाचणं हे तुमचं कामच नसेल. पुस्तक लायब्ररीत आहे, टेबलावर, डागाखाली. तुमचं आडनाव कुठल्या अक्षराने सुरू होतं, तेवढं सांगा. प ते ज्ञ असेल, तर 'हजर' म्हणा.